छायाचित्रविनिमय, हौशी
छायाचित्रविनिमय, हौशी : उपजीविकेसाठी नव्हे, तर आवडीपोटी छायाचित्रे काढणाऱ्यांनी ती परस्परांस दाखविण्याची व त्यांवर अभिप्राय मिळविण्याची प्रथा. छायाचित्रणाच्या प्रारंभकाळापासून ती आढळते. लंडनमध्ये १८५३ साली व मुंबईत १८५४ साली छायाचित्रण संस्था स्थापन झाल्या. मुंबईच्या संस्थेत डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय सभासदही होते. इंग्लंडमधील फोटोग्राफिक एक्स्चेंज क्लबच्या सभासदांनी आपापल्या चित्रांच्या प्रती एकमेकांस देऊन १८५५ व १८५७ या वर्षांचे चित्रसंग्रह सिद्ध केले. जॉर्ज ईस्टमन याने १८८८ मध्ये कोडॅक कॅमेरा बाजारात आणल्यानंतर हौशी छायाचित्रकारांची संख्या झपाट्याने वाढली. तथापि प्रदर्शनातील प्रवेश परीक्षकांच्या निवडीवरच अवलंबून राहिला.

अंकीय कॅमेरे व आंतरजाल यांच्या प्रसारामुळे ही मर्यादा बव्हंशी दूर झाली. कॅनडातील व्हँकूव्हर येथे स्ट्यूअर्ट बटरफील्ड व कॅटरिना फेक यांच्या ल्युडिकॉर्प या कंपनीने फेब्रुवारी २००४ मध्ये फ्लिकर हे संकेतस्थळ सुरू केले. चित्रास विषयदर्शक शब्द जोडणे, समान आवडीच्या सभासदांचे गट बनविणे, चित्राखाली अभिप्राय लिहिणे आणि इतरांना वापराची मुभा देणारा मुक्त परवाना निवडणे, या सोयींमुळे ते लोकप्रिय झाले. २००५ मध्ये याहू कंपनीने ते विकत घेतले. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जानेवारी २००८ मध्ये आपल्या संग्रहातील सु. ३,००० जुनी छायाचित्रे तेथे ठेवली. त्यांतील व्यक्ती व स्थळे ओळखण्यास सर्वसामान्य प्रेक्षकांचे साहाय्य झाले. ऑक्टोबर २०१० मध्ये सुरू झालेल्या इन्स्टाग्राममुळे या विनिमयाचा ओघ मोबाइल दूरध्वनीकडे वळला.

या सुलभतेबरोबर चित्रांच्या मालकीचे व जतनाचे प्रश्न उद्भवले. याहूने २०१४ मध्ये मुक्त परवान्याची सु. १० कोटी चित्रे व चित्रफिती संशोधनासाठी एकत्रित उपलब्ध करून दिल्या. त्यांतील सु. १० लक्ष चित्रे आयबीएम कंपनीने २०१९ मध्ये चेहरे ओळखणाऱ्या संगणकप्रणालींच्या अभ्यासासाठी निवडली. छायाचित्रकारांची वा चित्रांतील व्यक्तींची वेगळी संमती घेतली नव्हती, म्हणून यावर टीका झाली. परवान्याने चित्राच्या वापरास मुभा मिळते. चित्रातील व्यक्तीची संमती त्यात गृहीत धरता येत नाही, हा भेद यातून स्पष्ट झाला.

फ्लिकरने २०१३ मध्ये प्रत्येक सभासदास एक टेराबाइट जागा विनामूल्य दिली होती. २०१८ मध्ये ते स्मगमग कंपनीकडे गेल्यावर विनामूल्य सभासदत्वास १,००० चित्रांची मर्यादा घालण्यात आली व तीपलीकडील जुनी चित्रे काढून टाकण्याचे जाहीर झाले. मुक्त परवान्याची चित्रे व दिवंगत सभासदांचे संग्रह यांना मात्र संरक्षण देण्यात आले. कागदावरील प्रत तिच्या धारकाच्या स्वाधीन असते. संकेतस्थळावरील चित्राचे अस्तित्व चालकसंस्थेच्या धोरणाशी व आर्थिक स्थितीशी निगडित असते. म्हणून हौशी छायाचित्रकाराने मूळ चित्रे स्वतंत्रपणे जतन करणे अगत्याचे ठरते.