चकमकीच्या बंदुकीची पारख

अमेरिकन सरकारच्या स्प्रिंगफील्ड येथील शस्त्रशाळेंत १७९५ सालीं लष्करी बंदुका घडूं लागल्या. नमुना फ्रेंच होता. घोडा पडला कीं चकमकीची ठिणगी रंजकावर उडे व ज्वाला काना नांवाच्या छिद्रांतून नळींत शिरे. पावसांत मात्र रंजक भिजून बार फुकट जाई. पुढें १८४२ चा नमुना स्फोटक टोपीचा निघाला, आणि सरकारनेंच हजारों जुन्या बंदुका टोपीच्या करून घेतल्या. मूळ चकमकीची बंदूक दुर्मिळ झाली ती अशी. तिच्या मोहानें बदललेल्या बंदुकांवर पुन्हां चकमक चढविण्यांत आली. यास्तव जाणता संग्राहक आधीं काना पारखतो. टोपीची झालेली बंदूक आपलें सारें आयुष्य सांगते. पुन्हां ‘मूळ’ बनविलेली तेंच लपविते.