भारतीय बालयकृत् सूत्रण रोग

भारतीय बालयकृत् सूत्रण रोग : सुमारे सहा महिने ते चार-पाच वर्षे या वयातील बालकांना होणारा, यकृताच्या कोशिकांचा (पेशींचा) नाश होऊन त्यांच्या जागी तंतुमय ऊतक वाढत जाणारा आणि उपचार न झाल्यास बहुधा मारक ठरणारा रोग. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या नवव्या दशकापर्यंत तो भारताच्या अनेक भागांत आढळत असे. १९९० नंतर तो झपाट्याने दुर्मिळ झाला व आजच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याला तो बहुधा पाठ्यपुस्तकातच भेटतो. शंभर वर्षे असाध्य मानलेला हा रोग औषधाने फारसा हटला नाही; स्वयंपाकघरातील भांडी बदलली आणि तो ओसरला, असे त्याच्या बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. हे मत सर्वमान्य नाही. तथापि ज्या निरीक्षणांतून ते बनले, त्यांत पुण्यात झालेल्या संशोधनाचा वाटा मोठा आहे.

रोगाची सुरुवात फसवी असे. एरवी गुटगुटीत असलेले मूल किरकिरे होई, त्याची भूक मंदावे, अधूनमधून कणकण येई आणि पोट पुढे येऊ लागे. काही मुले माती खात. ही सर्व लक्षणे दात येण्याच्या वयात सर्रास दिसणारी असल्यामुळे घरातील वडीलधारी माणसे ती दातांवर, जंतांवर किंवा दृष्ट लागण्यावर ढकलीत आणि त्यांत काही महिने निघून जात. वैद्याच्या हाताला मात्र बरगडीखाली वाढलेले, घट्ट व धारदार कडेचे यकृत लागे. प्लीहाही वाढलेली असे. पुढे कावीळ, जलोदर व रक्तस्राव ही लक्षणे क्रमाने उद्‌भवत आणि कावीळ दिसू लागल्यानंतर मूल बहुधा काही महिन्यांतच दगावे. ‘मुलाचे लिव्हर वाढले आहे’ हे वाक्य त्या काळी कुटुंबाला हादरवून टाकण्यास पुरेसे असे.

कलकत्ता येथील सेन यांनी १८८७ मध्ये ‘बालकांचे यकृत’ या नावाखाली या विकाराचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. नंतरच्या काळात दक्षिण भारत, महाराष्ट्र, पंजाब इ. भागांतूनही अशाच रुग्णांच्या नोंदी होऊ लागल्या. त्यांत काही गोष्टी पुन्हा पुन्हा आढळत होत्या. रोग्यांत मुलींपेक्षा मुलगे अधिक असत. कुटुंबे बहुधा हिंदू, मध्यम स्थितीतील, पुष्कळदा ग्रामीण व घरात दूधदुभते असलेली असत. अत्यंत दरिद्री कुटुंबांत रोग तुलनेने कमी दिसे. बालमृत्यूची बहुतेक कारणे दारिद्र्याच्या मागोमाग जातात; हा रोग मात्र दूध विकत घेऊ शकणाऱ्या किंवा दारात गाय बांधू शकणाऱ्या घरांची निवड करीत होता, ही विसंगती आरंभीच्या निरीक्षकांनाही खटकली होती. शिवाय एका घरात एक मूल गेले की पाठच्या भावंडालाही तोच रोग होण्याचा संभव बराच असे. एकामागून एक दोन-तीन अपत्ये गमावलेली कुटुंबे वैद्यांना परिचित होती. अशा घरात नव्याने जन्मलेल्या बाळाच्या पोटावर आई-आजीचा हात रोज का फिरत असे, हे यावरून कळते.

कारणांविषयी तर्क पुष्कळ झाले. कुपोषण, प्रथिनांची उणीव, विषाणुजन्य यकृतशोथ (यकृताची दाहयुक्त सूज), आतड्यातील जंतूंची विषे, मातेच्या आहारातील दोष आणि आनुवंशिकता यांपैकी प्रत्येकाला कोणी ना कोणी पुरस्कर्ते मिळाले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या यकृतविकार उपसमितीने १९५५ मध्ये या रोगासंबंधीचा आपला अहवाल प्रसिद्ध केला. मद्रास येथील अचर, राजू व श्रीरामाचारी यांनी १९६० मध्ये रोगाचे विस्तृत विवेचन केले. १९६९ मध्ये नायक, सागरेय व रामलिंगस्वामी यांनी यकृत कोशिकांत आढळणाऱ्या एका काचाभ द्रव्याकडे लक्ष वेधले. अमेरिकन विकृतिवैज्ञानिक मॅलरी यांच्या नावाने ओळखले जाणारे हे द्रव्य तोपर्यंत मुख्यतः दीर्घकाळ मद्यपान करणाऱ्या प्रौढांच्या यकृताशी निगडित मानले जाई. ते दूधपित्या बालकाच्या यकृतात विपुल प्रमाणात आढळावे, याचा अर्थ त्या यकृतावर कोणत्या तरी विषाचा आघात होत असावा असा निघत होता. ते विष कोणते, याचा मात्र उलगडा होत नव्हता.

तो होण्यास १९७८ हे वर्ष कारणीभूत ठरले. दगडफुलासारख्या शैवाकांपासून (शेवाळ व कवक यांच्या संयुक्त वनस्पतींपासून) मिळणारे ऑर्सीन हे रंजकद्रव्य ताम्राशी संलग्न असलेल्या प्रथिनाचे कण गडद तपकिरी रंगवते. लंडन येथील पोर्टमन, टॅनर, मोवट व विल्यम्स यांनी या रोगाने ग्रस्त बालकांच्या यकृताचे छेद या द्रव्याने रंगविले, तेव्हा कोशिका अशा कणांनी भरलेल्या आढळल्या. प्रत्यक्ष मापनातही हेच दिसले. अर्भकावस्था ओलांडल्यावर निरोगी यकृताच्या दर ग्रॅम शुष्क वजनात साधारणपणे ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी ताम्र असते. या बालकांत ते पुष्कळदा ८०० मायक्रोग्रॅमपेक्षाही अधिक भरले. यकृतात ताम्र साठविणारा विल्सन रोग हा आनुवंशिक विकार १९१२ पासून माहीत होता. परंतु त्यात रक्तातील सेरुलोप्लाझ्मीन हे ताम्रवाहक प्रथिन बहुधा कमी असते व तो इतक्या लहान वयात सहसा प्रकट होत नाही. येथे ते प्रथिन कमी नव्हते. म्हणजे हा रोग विल्सन रोगाहून वेगळा होता आणि ताम्र कोठून तरी बाहेरून येत असण्याची शक्यता पुढे आली.

पुणे येथील के. ई. एम. रुग्णालयात या रोगाची बालके मोठ्या संख्येने येत असत. तेथील आनंद पंडित व शीला भावे यांनी टॅनर यांच्या सहकार्याने बालकांच्या आहाराची चौकशी आरंभिली. बाळाला अंगावरचे दूध किती महिने मिळाले, वरचे दूध केव्हा सुरू झाले, ते कोणत्या भांड्यात तापविले जाई व कोणत्या भांड्यात ठेवले जाई, असे प्रश्न विचारण्यात आले. प्रश्न साधे होते; पण शंभर वर्षांच्या वैद्यकीय वाङ्‌मयात चुलीवरच्या पातेल्याकडे असे बारकाईने कोणी पाहिले नव्हते. १९८३ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात या संशोधकांनी आपला निष्कर्ष मांडला : रोगी बालकांना जनावराचे दूध लवकर सुरू करण्यात आले होते आणि ते पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यांत तापविलेले वा साठविलेले असल्यामुळे ताम्रमिश्रित होते. १९८७ मध्ये रोगी व निरोगी बालकांच्या जोड्या लावून केलेल्या तुलनेतही हाच फरक दिसून आला.

पितळ हा तांबे व जस्त यांचा मिश्रधातू. स्टेनलेस स्टील सर्वत्र पोहोचण्यापूर्वी महाराष्ट्रातील घरांत पातेली, तपेल्या, चरव्या, कळशा, तांबे, फुलपात्रे ही बहुधा पितळेची वा तांब्याची असत. बाळाला दूध पाजण्याचे चोचीचे बोंडलेही काही घरांत चांदीचे, तर काही घरांत पितळेचे असे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी याच व्यवसायावर वसलेली आहे. पितळी भांड्यात आंबट पदार्थ ठेवल्यास तो कळकतो, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक होते. त्यासाठी कल्हईवाल्याकडून भांड्याला आतून कथलाचा मुलामा देऊन घेत. नवसागराची पूड टाकून तापल्या भांड्यात कापसाच्या बोळ्याने कथील फिरविण्याचे त्याचे काम पाहावयास मुले जमत. ताक, चिंचेचे सार किंवा आमटी कळकली की तिची चव व रंग लगेच चुगली करीत. ताज्या दुधाचे तसे नव्हते. ते गोड असल्यामुळे त्याला पितळ बाधत नाही असे समजले जाई आणि कल्हई उडालेल्या वा मुळात नसलेल्या भांड्यातही ते निर्धास्तपणे तापविले जाई. ओनील व टॅनर यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून ही समजूत चुकीची ठरली. पितळी भांड्यात ठेवलेले दूध ताम्र शोषून घेते व ते दुधातील केसीन या प्रथिनाशी बद्ध होते. ताम्र अशा रीतीने धरून ठेवणारे दूध हाच ज्याचा मुख्य आहार, त्या तान्ह्या मुलावर त्याचा परिणाम सर्वांत अधिक होणार हे उघड आहे. नवजात अर्भकाच्या यकृतात ताम्राचा साठा स्वभावतःच जास्त असतो व पित्तावाटे ते बाहेर टाकण्याची यंत्रणा पुरती विकसित झालेली नसते, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. त्याच भांड्यातले दूध पिणाऱ्या थोरांना काही होत नसे, त्यामुळे भांड्यावर कोणाचा संशय जाण्याचे कारणच नव्हते.

मध्यम स्थितीतील घरांचे कोडेही यामुळे काहीसे सुटले. पितळेची भांडी बाळगण्याइतकी ऐपत, वरचे दूध देण्याइतकी सुबत्ता व बाळ धष्टपुष्ट व्हावे ही हौस जेथे एकत्र येत, तेथे धोका अधिक होता. वंशाचा दिवा म्हणून मुलग्याला वरचे दूध आधी व अधिक दिले जाई, हे मुलग्यांतील अधिक प्रमाणाचे एक संभाव्य स्पष्टीकरण म्हणून सुचविता येते; पण ते पुरेसे सिद्ध झालेले नाही.

उपचारासाठी विल्सन रोगात उपयोगी पडलेले पेनिसिलामीन हे ताम्र बांधून मूत्रावाटे बाहेर काढणारे औषध वापरून पाहण्यात आले. कावीळ होण्यापूर्वी ते सुरू केल्यास मृत्युप्रमाण लक्षणीयपणे घटले व जगलेल्या काही मुलांची यकृते कालांतराने जवळजवळ पूर्ववत झाली. तरीही उपचार मिळालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुले दगावलीच. त्यामुळे भर प्रतिबंधावर देण्यात आला. रोगी बालकाच्या पाठच्या भावंडांना पितळी भांड्यातील दूध देऊ नये व स्तनपान शक्य तितके चालू ठेवावे, असा सल्ला कुटुंबांना देण्यात आला आणि पुणे जिल्ह्यात त्याचा प्रचार करण्यात आला. १९९२ मध्ये भावे, पंडित, टॅनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रतिबंधक प्रयत्नांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. दरम्यान ॲल्युमिनियम व स्टेनलेस स्टील यांनी पितळेला स्वयंपाकघरातून हळूहळू हटविले होते. हा बदल बाजारपेठेने व सोयीने घडविला होता, आरोग्य खात्याने नव्हे. त्यामुळे रोगाच्या ओहोटीचे किती श्रेय प्रचाराला व किती मोडीच्या दुकानाला द्यावयाचे, हे ठरविणे कठीण आहे.

भारताबाहेरचा सर्वांत महत्त्वाचा दुवा पश्चिम ऑस्ट्रियातील टिरोल प्रांतात सापडला. तेथे १९०० ते १९७४ या काळात १३८ बालके अगदी अशाच यकृतविकाराने दगावल्याचे म्यूलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले. तेथेही गाईचे दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांत शिजवून बाळांना देण्याची रीत होती आणि भांडी बदलल्यावर रोग नाहीसा झाला. मात्र टिरोलमधील वंशावळी पाहता रोग अप्रभावी आनुवंशिकतेने संक्रमित होत होता, असेही आढळले. म्हणजे जनुकातील दोष व तांब्याचे भांडे या दोहोंचा योग झाला तरच तो होत असे. भारतात एकाच घरातील भावंडे दगावत असतानाही तीच भांडी वापरणारी शेजारची मुले सुखरूप का राहत, याचे उत्तर बहुधा असेच असावे; पण असा जनुक अद्याप निश्चित झालेला नाही.

विरोधी मताचीही नोंद घेणे अवश्य आहे. शाइनबर्ग व स्टर्नलीब यांनी १९९४ मध्ये अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स राज्यातील तीन गावांची पाहणी प्रसिद्ध केली. तेथील पिण्याच्या पाण्यात दर लिटरला ८ मिग्रॅ.हून अधिक ताम्र असूनही सहा वर्षांखालील एकही मूल यकृतविकाराने दगावले नव्हते. पाण्यातील व दुधातील ताम्र सारखेच बाधते असे मानता येत नसले, तरी केवळ ताम्र पुरेसे नाही हे यावरून दिसते. नायक व चितळे यांनी २०१३ मध्ये सर्व पुराव्याचा फेरविचार करून बाहेरून आलेले ताम्र हेच मूळ कारण होय, ही उपपत्ती सदोष ठरविली. त्यांच्या मते यकृतातील ताम्राचा साठा हा रोगाचा परिणामही असू शकतो. पितळी भांडे कधीच न वापरलेल्या घरांतील रुग्णांची उदाहरणे या मताला बळ देतात. रोगच दुर्मिळ झाल्यामुळे नव्या रुग्णांवर हा वाद तपासून पाहण्याची संधी आता फारशी उरलेली नाही. भारताशी संबंध नसलेल्या बालकांतही अशी यकृतविकृती अधूनमधून आढळल्यामुळे काही लेखक ‘भारतीय’ हे विशेषण टाळून तिला ताम्रसंबद्ध बालयकृत् सूत्रण रोग असे म्हणतात.