'जुमांजी: वेलकम टू द जंगल': तीन लाइफचा नियम काय आहे?

'जुमांजी: वेलकम टू द जंगल' हा जेक कॅस्डन दिग्दर्शित 2017 चा हॉलिवूडपट आहे. 1995 च्या 'जुमांजी'त बोर्ड गेममधले प्राणी घरात घुसतात. इथे उलटं घडतं: शाळेत शिक्षा म्हणून थांबवलेली चार मुलं जुन्या व्हिडिओ गेममध्ये ओढली जातात आणि प्रत्येकाला निवडलेल्या पात्राचं शरीर मिळतं. घाबरट स्पेन्सर होतो ड्वेन जॉन्सन, धिप्पाड खेळाडू फ्रिज होतो बुटका केविन हार्ट, अबोल मार्था होते कॅरेन गिलन, तर सेल्फीत रमणारी बेथनी होते चक्क जॅक ब्लॅक! निम्मा विनोद या अदलाबदलीतच आहे.

बाहेर पडायचं तर 'जॅग्वार्स आय' हे रत्न पुतळ्यात परत बसवायचं. प्रत्येकाच्या हातावर तीन रेघा असतात, म्हणजे तीन लाइफ. मेलं की एक रेघ पुसली जाते आणि माणूस आकाशातून धपकन खाली पडतो. शिवाय प्रत्येकाची बलस्थानं आणि कमजोरी ठरलेली. फ्रिजची कमजोरी केक! तो खाल्ला आणि फुटला. खऱ्या जंगलात अशी सवलत नसते. यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला वाघ सुमारे 1300 किलोमीटर भटकून 2019 मध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला, तो एकाच जिवावर.

सुरुवातीला मरण हा नुसता गमतीचा भाग वाटतो. ॲलेक्स भेटल्यावर चित्र पालटतं. 1996 मध्ये गेममध्ये अडकलेल्या या मुलाला आपण काही महिनेच इथे आहोत असं वाटतं. बाहेर 20 वर्षं उलटलेली असतात. त्याची एकच लाइफ उरलेली आणि कमजोरी डास. डास चावून तो कोसळतो, तेव्हा बेथनी तोंडाने श्वास देऊन स्वतःची एक लाइफ त्याला देते. फोनशिवाय जगू न शकणारी मुलगी हे करते, म्हणून तो प्रसंग लागतो. शेवटी मार्था तर मुद्दाम साप चावून घेते, कारण मेल्यावर आकाशातून हव्या त्या जागी पडता येतं. नियमाचा इतका चलाख वापर या प्रकारच्या सिनेमात क्वचितच दिसतो.

आपल्याकडचं जवळचं उदाहरण म्हणजे दिवाळीत, 26 ऑक्टोबर 2011 ला आलेला शाहरुख खानचा 'रा.वन'. त्यात माणसं गेममध्ये जात नाहीत, खलनायकच गेममधून बाहेर येतो आणि मुंबईच्या लोकलपर्यंत धुमाकूळ पोहोचतो. स्पेशल इफेक्ट्ससाठी त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. मात्र गेमचे नियम 'जुमांजी'त जास्त स्पष्ट आहेत, त्यामुळे कोण कधी संकटात आहे हे गेम न खेळणाऱ्या आजीलाही कळतं.

'जुमांजी'ने जगभरात 90 कोटी डॉलरहून जास्त कमाई केली. पुढचा भाग, 'जुमांजी: द नेक्स्ट लेव्हल', डिसेंबर 2019 मध्ये आला.