टरफल म्हटलं की एकच, पण मेंढीच्या पोटात दोन

पूर्वी तूर घरच्या जात्यावर भरडायची, सुपानं पाखडलेलं टरफल गोठ्यात जायचं. विषय संपला. जळगावात डाळ मिल वाढल्या आणि हेच टरफल पोत्यानं विकायला लागलं. शंभर किलो तुरीत डाळ साधारण ७०-७५ किलो पडते, बाकीचं टरफल, चुनी, कणी. साक्रीकडचे ठेलारी असोत की आपल्यासारखे दहा-वीस मेंढ्या बांधणारे, उन्हाळ्यात रान सुकलं की सगळ्यांची नजर या पोत्यांवर.

घोळ होतो तो शब्दामुळे. तूर, हरभरा, मुगाचं टरफल म्हणजे दाण्यावरची साल. भुईमुगाचं टरफल म्हणजे शेंगेचं कवच, जवळजवळ लाकूडच. तंतू दोन्हीत भरपूर, म्हणून कागदावर दोन्ही भाऊ-भाऊ दिसतात.

हा कागद आला जर्मनीतून. १८६० च्या दशकात वेंडे इथं हेन्नेबर्ग आणि श्टोमान यांनी चाऱ्याच्या तपासणीची पद्धत बसवली. आम्लात उकळा, मग अल्कलीत उकळा, उरेल तो 'क्रूड फायबर'. हा भाग जनावराला पचतच नाही असं तेव्हा धरलं जायचं. पण बैलांना खाऊ घालून, शेण तपासून त्यांनीच दाखवलं की रवंथ करणाऱ्या जनावरात यातलाही बराच पचतो. काम मोठंच, पण खोट एक राहिली. अल्कलीत लिग्निनचा काही भाग विरघळून जातो आणि जे पचतच नाही ते 'सहज पचणाऱ्या' खात्यात जमा होतं!

ही खोट निघायला शंभर वर्षं लागली. अमेरिकेत बेल्ट्सव्हिलला पीटर व्हॅन सोएस्ट यांनी १९६० च्या दशकात डिटर्जंट वापरून एनडीएफ, एडीएफ आणि लिग्निन वेगळं मोजायची पद्धत आणली. मग कळलं की नडतं ते लिग्निन. पोटातले जिवाणू सेल्युलोज फोडतात, लिग्निनपुढे त्यांचं काही चालत नाही. हरभऱ्याच्या सालीत ते कमी, म्हणून ती अर्ध्याहून जास्त पचते. भुईमुगाच्या कवचात ते भरमसाट, पाव भाग पचला तरी खूप. तुरीच्या लाल सालीचं दुखणं वेगळं, तिच्यातलं टॅनिन प्रथिनं बांधून ठेवतं.

आता गंमत बघा, पशुखाद्याच्या पोत्यावर आजही 'क्रूड फायबर'च छापतात. चुनीत भुईमुगाच्या टरफलाची भुकटी मिसळली तर त्या आकड्यावरून तंतू वाढलेले दिसतील, पण ते साधे की लाकडासारखे ते कळणार नाही. तेव्हा नमुना तपासायला देताना एडीएफ आणि लिग्निन दोन्ही काढून मागा. घरी हातावर चोळून बघा, जाडसर दळलेल्या मालात कवचाच्या काड्या टोचतात. आणि टरफल चांगलं निघालं तरी नुसतं घालू नका, त्यात प्रथिनं तुटपुंजी. सोबत सरकी ढेप हवीच.

भुईमुगाचं टरफल भट्टीला द्या, तिथं ते मस्त जळतं.