ज्येचा प्रवास

धनुष्याच्या दोरीस संस्कृतांत ‘ज्या’ म्हणतात. वर्तुळाचा तुकडा धनुष्यासारखा वांकलेला दिसतो. म्हणून त्याचीं दोन टोकें जोडणाऱ्या रेषेसहि आमच्या ज्योतिर्विदांनीं तेंच नांव दिलें. इ. स. ४९९ च्या सुमारास आर्यभटानें अर्ध्या ज्येच्या चोवीस फरकांचें कोष्टक एका श्लोकांत बसविलें. त्रिज्या ३४३८ धरली, तर त्यावरून ३० अंशांची अर्धज्या १७१९, म्हणजे बरोबर निम्मी येते.

पुढें ही विद्या अरबांकडे गेली. ज्येचें दुसरें नांव ‘जीवा’. अरबी लिपींत त्याचीं केवळ व्यंजनें उरलीं आणि वाचणारे तो शब्द ‘जैब’, म्हणजे वस्त्राची घडी, असा वाचूं लागले. बाराव्या शतकांत लॅटिनमध्यें त्याचें ‘सायनस’ झालें. शाळेंत शिकविला जाणारा ‘साइन’ तो हाच. शब्दाचा अर्थ वाटेंत हरवला, पण गणित शाबूत राहिलें.

त्याच शतकांत, ११५० सालीं, भास्कराचार्यांनीं ‘सिद्धांतशिरोमणि’ रचला. त्यांचा नातू चांगदेव यानें चाळीसगांवजवळ पाटण येथें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठीं मठ स्थापिला. ग्रंथ हातीं असले तरी ते समजावून देणारा कोणी हवा, हें त्यानें ओळखलें होतें.

विदर्भाशींहि या विद्येचा संबंध आला. १८०२ सालीं मद्रासेजवळ पायारेषा मोजून विल्यम लॅम्बटन यानें त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे आणली. त्रिकोणाची एक बाजू व कोन ठाऊक असले, म्हणजे उरलेल्या बाजू साइनवरून निघतात. हें काम चालूं असतांनाच १८२३ च्या जानेवारींत हिंगणघाट येथें तो मरण पावला.

आतां हीच ज्या पडद्यावर आली आहे. वेब पानाची मांडणी ज्या सूचनापत्रांत लिहितात, त्यास स्टाइलशीट म्हणतात. मार्च २०२३ पासून सर्व प्रमुख ब्राउझर त्यांतील साइन, कोसाइन इत्यादि फलें स्वतः काढतात. भंडारा जिल्ह्यांतील लाखांदूरच्या एखाद्या विद्यार्थ्यास अशा पानावर घड्याळाचे बारा आंकडे मांडावयाचे आहेत, असें समजा. त्रिज्या १०० असल्यास एकाचा आंकडा मध्यापासून उजवीकडे ५० व वर सुमारें ८६.६ इतका येईल. पूर्वीं हीं अंतरें बाहेर गणून पत्रांत भरावीं लागत. आतां सूत्र लिहिलें कीं पुरे. त्रिज्या बदलली, तर आंकडे आपोआप सरकतात.

मात्र पडद्यावर खालची दिशा धन मानतात. कोसाइनच्या मागें ऋणचिन्ह द्यावयाचें राहिलें, तर एकाचा आंकडा पांचाच्या जागीं जाऊन बसतो. यंत्र बेरीज अचूक करतें. पण चूक कोठें झाली, हें विद्यार्थ्यालाच समजावें लागतें. आर्यभटाचें कोष्टक पाठ करण्याची गरज संपली आहे. पाटणच्या मठांत जें काम चाले, त्याची गरज मात्र लाखांदूरच्या शाळेंत आजहि तितकीच आहे.