शंखात शिरलेली काडी

२५ फेब्रुवारी १९५७ रोजी पॅरिसमध्ये आंद्रे जूर्नो आणि शार्ल एरिएस यांनी दोन्ही कान गेलेल्या एका माणसाच्या श्रवणतंतूपाशी तारेच्या वेटोळ्याचं एक टोक बसवलं. त्याला मोजके शब्द ओळखता येऊ लागले. पण काही आठवड्यांतच उपकरण बंद पडलं. जूर्नोंनी या कामातून पैसा करायला नकार दिला. कॉक्लिअर इम्प्लांटच्या, म्हणजे अंतर्कर्णात तार घालून विजेने ऐकवणाऱ्या यंत्राच्या, कुळकथेतला हा मला सर्वांत मोठा माणूस वाटतो.

मेलबर्नच्या ग्रॅम क्लार्क यांचे वडील औषधविक्रेते होते आणि त्यांना ऐकू कमी यायचं. मुलगा कानाचा डॉक्टर झाला. अंतर्कर्णातली नळी अडीच वेढ्यांची. इम्प्लांटची तार तिच्यात सरकवताना मध्येच अडे. १९७७ मध्ये सुट्टीत समुद्रकिनारी क्लार्कनी एक शंख उचलला आणि त्यात गवताच्या काड्या घालून पाहिल्या. टोकाशी लवचिक, बुडाशी ताठ अशी काडी खोलवर गेली; तारही तशीच हवी, हे उमगलं. १ ऑगस्ट १९७८ रोजी त्यांनी रॉड साँडर्स यांच्या कानात आपलं पहिलं इम्प्लांट बसवलं.

एकच कान गेलेल्यांची पाळी फार उशिरा आली. ‘एक कान शाबूत आहे ना, मग चाललंय की,’ हे त्यांनी किती ऐकलं असेल! पण आवाजाची दिशा दोन कानांमधल्या सूक्ष्म फरकांवरून ठरते. घाटकोपर स्टेशनच्या पुलावर कुठून तरी हाक आली, तर ती ऐकू येऊनही वळायचं कुठे? अँटवर्पच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांना इम्प्लांट बसवलं, तेही आधी बहिऱ्या कानातला असह्य नाद शमवण्यासाठी; निष्कर्ष २००८ मध्ये आले. अमेरिकेने मान्यता दिली २०१९ मध्ये.

आपल्याकडे मुंबईच्या उपनगरांतल्या पालकांच्या ओळखीचा पत्ता म्हणजे वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग ही श्रवणदोषांसाठीची संस्था, स्थापना १९८३. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या ‘एडिप’ योजनेत २०१४ मध्ये गरजू मुलांच्या इम्प्लांटसाठी सहा लाखांपर्यंत मदत ठेवली गेली. ही मदत दोन्ही कानांनी तीव्र बहिऱ्या मुलांसाठी आहे, एकच कान गेलेल्यांसाठी नव्हे; पण तिचं मोल मोठं आहे.

ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी यंत्र सुरू करतात. मग वारंवार मॅपिंग, म्हणजे तारेवरच्या प्रत्येक इलेक्ट्रोडचा विद्युतप्रवाह त्या माणसाला ऐकू येईल आणि सोसेल इतका जुळवणं. एक कान चांगला असलेल्याला आणखी कष्ट पडतात: चांगल्या कानाला वगळून फोनवरचा आवाज थेट इम्प्लांटमध्ये घ्यायचा आणि नव्या कानाकडून रोज सराव करून घ्यायचा.