एकच माग, दोन गावं: गिरणगावातल्या बायका आणि साळखातं

मुलींना फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन या कामांत कसं आणावं यावर आज बरंच बोललं जातं. त्या बोलण्यात एक गृहीत असतं, की बाई कारखान्यात कधी नव्हतीच आणि आता तिला पहिल्यांदा आत न्यायचं आहे. परळ-लालबागचा इतिहास पाहिला तर हे टिकत नाही. १९२० च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती. ती आत होतीच. आत गेल्यावर कुठल्या खात्यापाशी तिला थांबवलं, हे आपण आज पाहू.

बायकांची मुख्य खाती दोन, वाइंडिंग आणि रीलिंग. रीलिंगमध्ये सुताच्या लडी व्हायच्या, वाइंडिंगमध्ये सूत बॉबिनवर भरलं जायचं. धागा तुटला की क्षणात गाठ मारायची, आणि तीही अशी बारीक की पुढे मागावर ती अडकता कामा नये. गाठ वाईट पडली तर कापड वाईट. हे शिकायला महिने लागायचे. तरी या कामाला कसबी काम कुणी म्हटलं नाही. मजुरी नगावर, आणि ती विणकराच्या निम्म्याच्या आसपास. वर देखरेखीला नायकीण. तिची मर्जी गेली की काम गेलं.

खरा पैसा आणि मान साळखात्यात, म्हणजे विणकामात. तिथे बाई जवळजवळ नव्हती. का नव्हती, असं विचारलं की ठरलेली उत्तरं मिळतात. मागाचा दणका बाईला सोसत नाही, पट्ट्यात लुगडं अडकेल, वगैरे. ही उत्तरं तपासायची एक सोपी रीत आहे. मुंबईत माग यायचे ते मुख्यतः इंग्लंडमधल्या लँकशायरहून. त्याच काळात खुद्द लँकशायरात विणकरांमध्ये बायका पुरुषांपेक्षा जास्त होत्या, आणि चार-चार माग सांभाळत होत्या. परळला एका पुरुषाकडे दोन माग असायचे! म्हणजे दोष मागाचा नव्हता. लुगड्याचा म्हणावा, तर वाइंडिंगमध्येही यंत्रंच होती आणि तिथे लुगडं कुणाला खटकलं नाही.

आम्हाला याचं कारण दोन ठिकाणी दिसतं. एक, हातमागाच्या घरातली जुनी वाटणी. आपल्याकडे कांड्या भरायच्या बाईने, मागावर बसायचं पुरुषाने. (आसाम-मणिपुरात मागावर बाईच बसते, म्हणजे ही वाटणीही काही निसर्गाची नव्हे.) घरातली वाटणी गिरणीत तशीच आली. दुसरं कारण आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं. साळखात्याची शाळा नव्हती. गावाहून आलेला पोरगा चुलत्याच्या नाही तर गाववाल्याच्या मागाशेजारी उभा राहून शिकायचा, मग जॉबरला धरून बदलीत लागायचा. कसब शिकायचं ते कुणाच्या तरी शेजारी उभं राहून. बाईला ती उभं राहायची जागाच नव्हती.

हे दार फक्त बाईला बंद होतं असंही नाही. कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याची थुंकी लागलेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, असं सवर्ण विणकर म्हणत. तेवढ्यावर दलित कामगार साळखात्याबाहेर राहिले. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे लावून धरला. बाईसाठी तशी मागणी पुढे रेटली गेली नाही. युनियनचं लक्ष विणकराकडे दोनाऐवजी तीन माग देण्याच्या मालकांच्या डावावर होतं, आणि ते समजण्यासारखं आहे. पण समजण्यासारखं आहे म्हणून बाईचं नुकसान कमी झालं नाही.

त्याच वर्षी जुलैत मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचं विधेयक चर्चेला आलं. आंबेडकरांनी पाठिंबा देताना म्हटलं, की हा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलला पाहिजे. १९२९ मध्ये कायदा झाला, पण पैसे द्यायचे मालकाने. कायदा हवाच होता. मात्र त्याने मालकाच्या हिशेबात बाई महाग झाली. रात्रपाळीचंही असंच. बायकांना रात्री कामाला लावायचं नाही हे संरक्षण, आणि गिरण्या तर दोन-तीन पाळ्यांकडे वळत होत्या. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या कलम ६६ मध्येही संध्याकाळी ७ ते सकाळी ६ ही मनाई होतीच. सगळ्या पाळ्यांत फिरवता येईल असा कामगार मालकाला हवा होता, आणि तो पुरुषच असणार हे कायद्यानेच ठरवलं.

तोवर रीलिंग आटलं होतं, कारण चीनला जाणाऱ्या सुताचा बाजार बुडाला होता. वाइंडिंगला वेगवान यंत्रं आली आणि कमी हात लागू लागले. साळखातं उघडं असतं तर यातल्या काही जणी मागावर गेल्या असत्या. तसं झालं नाही. १९८२ च्या संपापर्यंत गिरणीत बायका अगदी थोड्या उरल्या होत्या.

गिरणीबाहेर पडलेल्या आणि गिरणीत कधीच न शिरलेल्या अनेकींनी दहा बाय बाराच्या खोलीत गिरणी कामगारांच्या खाणावळी चालवल्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अशा बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. पुढच्या व्याख्यानात आपण त्या खोल्यांत शिरू.